डाव्या पिळाची पेंडी

जीवनला उचलायला गाडी आली तेव्हा तो न्हात होता. डोक्याला साबण, कमरेला पंचा, डोळे मिटलेले. पांढऱ्या जीपमधून चौघे उतरले, पुढचं दार वाजवलं, आणि आतून कडी काढली ती रत्नमालानं. फोन करून बोलावलं होतं तिनंच, तेव्हा दार उघडायला दुसरं कोण येणार? चौघे तिच्याकडं न बघता सरळ मागच्या अंगणात गेले.

"चाल भाऊ, फिरून येऊ," एकजण म्हणाला.

जीवननं डोळे उघडले, साबण आत गेला, आणि तो आंधळ्यासारखा हवेत हात हलवत "कोन आहे, कोन आहे बे" करत राहिला. दोघांनी काखेत हात घातले, दोघांनी पाय धरले. पंचा अंगणातच राहिला.

पोरगी प्रतिक्षा शाळेत होती हे एक बरं झालं. बाकी गल्लीनं सगळं पाहिलं. एकोडीत लपून काही होत नाही. एकीची भाजी करपली तर चार घरांना वास जातो. जीवनची माय पंचफुलाबाई त्याची पँट घेऊन जीपमागं धावली आणि चालत्या गाडीच्या खिडकीतून तिनं ती आत फेकली. मग ओसरीवर येऊन बसली. तिचा उजवा हात गळ्यातल्या झोळीत होता, डाव्या हातानं ती जमिनीवरची नसलेली घाण पुसत राहिली. सुनेकडं तिनं पाहिलं नाही.

जीवन वाईट माणूस नव्हता. गावात सगळे तसंच म्हणत, आणि म्हणून झालं की आपापली सायकल घरात घेत. राइस मिलमध्ये पोती वाहून त्याची कंबर गेली, तेव्हा सोबतच्या हमालानं त्याला एक निळी कॅप्सूल दिली. म्हणाला, घे, बैलासारखा पळशील. पळाला. मग दुसरी घेतली, मग पाकीटच जवळ ठेवू लागला. कंबर बरी झाली की नाही कुणास ठाऊक, कॅप्सूल मात्र बसली ती बसली. सकाळी उठला की हात असे थरथरत की कप बशीवर वाजे. कॅप्सूल पोटात गेली की थोड्याच वेळात तेच हात सुईत दोरा ओवावा इतके स्थिर. त्याच स्थिर हातांनी त्यानं प्रतिक्षाची शाळेची सायकल विकली. त्याच हातांनी पंचफुलाबाईच्या माहेरचा पाण्याचा पितळी गुंड उचलला, आणि गुंड धरून बसलेल्या मायला ढकललं. गुंड भंडाऱ्याला मोडीत गेला आणि तिचं मनगट मोडलं. त्या दिवशी रत्नमालानं फोन लावला.

व्यसनमुक्ती केंद्राचं ऑफिस भंडाऱ्यात स्टँडच्या मागं एका खोलीत होतं. तिथं श्यामराव नावाचा एक गोड माणूस बसे. त्यानं तिला पंख्याखाली बसवलं, थंड पाणी दिलं.

"ताई, तुमचा मानूस तो आमचा मानूस," तो म्हणाला. "पन सुरुवातीले भेट नाही, फोन नाही. घरच्यायचं तोंड दिसलं का मन पाघरते. दिवाळीले या. तुमाले ओळखू येनार नाही असा करून ठेवतो."

तिनं सही केली. केंद्र नेमकं कुठं आहे हे विचारलं नाही. सुचलंच नाही, असं ती नंतर म्हणे. खरं तर त्या दिवसांत तो कुठं आहे यापेक्षा तो घरात नाही एवढंच तिला पुरे होतं. तिला गाढ झोप येऊ लागली, आणि त्या झोपेची सकाळी उठल्यावर लाज वाटे.

मग रोवणी, धानाची लावणी, लागली. धानाच्या मुलखात रोवणीच्या दिवसांत कुणाचं दुःख कुणी विचारत नाही. मेलेल्यालाही म्हणतील, जरा थांब, एवढी बांधी रोवून होऊ दे. दरवर्षी सासू-सून दोघी सीताबाईच्या टोळीत जात. यंदा रत्नमाला एकटीच. सीताबाई वयानं साठीची, कमरेतून कायमची वाकलेली. लोक म्हणत हिला उभं केलं तर पडेल, वाकवलं की चालते. तिच्या टोळीचा एक नेम होता. चिखलात उतरायचं तर सगळ्या बायांनी एकदम, निघायचं तर सगळ्यांनी एकदम. एखादीला चक्कर आली तर बाकीच्याही तिच्यासोबत बांधावर, धुऱ्यावर येऊन बसणार. मालक करवादत, पण रोवणीत मालकाच्या करवादण्याला भीक कोण घालतं?

नवऱ्याचं विचारलं तर रत्नमाला सांगे, नागपूरला कामाला गेला. बाया हो म्हणत. त्यांनी जीप पाहिली होती.

एक दिवस पिकअपनं टोळीला लांब नेलं. महामार्ग ओलांडून, जंगलाच्या कडेनं, एका तलावाखालच्या मोठ्या शेतावर. मालक पुंडलिकराव म्हणून कुणी होते. गावातल्या कुणाला ते माहीत नव्हते. शेताच्या टोकाला एक पिवळी इमारत होती, तिच्याभोवती माणसापेक्षा उंच भिंत आणि पत्र्याचं फाटक. भिंतीमागं भोंग्यावर सकाळपासून भजनं लागत ती संध्याकाळपर्यंत बंद होत नसत. टोळीतली सुंदरबाई म्हणाली, "मंदिर असन." पण मंदिराला कळस नव्हता, आणि येणारं-जाणारंही कुणी दिसेना.

पऱ्हे, म्हणजे रोवायची धानाची रोपं, तिकडूनच येत. भिंतीआडून ट्रॅक्टरची ट्रॉली भरून यायची, ड्रायव्हर रोपांच्या बांधलेल्या पेंड्या चिखलात फेकायचा आणि लगेच वळायचा. "पऱ्हे काढनारे मानसं कुठचे गा?" सीताबाईनं त्याला विचारलं. तो म्हणाला, "तुमी रोवाचं पाहा." बाया हसल्या, पण मग कुणी विचारलं नाही.

दुपारची भाकर खाऊन रत्नमाला चिखलात उतरली. अंगावर प्लॅस्टिकचं खोळपं, पोटऱ्यांपर्यंत गार गाळ, बोटांच्या बेचक्यांत चिखल्यांची आग. तिनं समोरची पेंडी उचलली, तणशीचा, म्हणजे भाताच्या वाळल्या काडाचा, बंद सवयीनं उजवीकडं ओढला. सुटला नाही. पुन्हा ओढला. मग तिच्या बोटांनी तिला न विचारताच डावीकडं हिसका दिला, आणि पेंडी उकलली.

ती तशीच वाकलेली राहिली.

सगळं जग तणस उजवीकडं पिळतं. जीवन डावखुरा. तो डावीकडं पीळ देऊन शेपटी खालून खोचतो. लग्नानंतरच्या पहिल्या रोवणीत त्याची पेंडी तिला सुटत नव्हती, तेव्हा तो धुऱ्यावरून हसला होता. म्हणाला होता, "माह्या हातची गाठ आहे, तुलेच शिका लागन." ती शिकली होती.

तिनं दुसरी पेंडी उचलली. ती उजव्या पिळाची. तिसरी पुन्हा डावी. घट्ट, ताठ, मुळं पाण्यात झटकून स्वच्छ केलेली. एक काडी इकडची तिकडं नाही. भिंतीकडं बघून तिला रडू आलं. म्हणजे तो इथंच आहे, जिवंत आहे, आणि त्याचे हात थरथरत नाहीत. तिनं ती पेंडी गालाला लावली. शेजारची सुंदरबाई म्हणाली, "काय वो, पऱ्ह्यायले मुके घेते काय?"

घरी गेल्यावर तिनं सासूला सांगितलं. सासूला ती मामी म्हणे. "मामी, हात चांगले झाले त्यायचे. पेंडी पाहाची तुमी, कशी बांधली!"

"तुले दिसला काय तो?"

"पेंडी दिसली ना."

"पेंडीले तोंड असते काय वो?" पंचफुलाबाई म्हणाली. "त्यायनं तं सांगतलं होतं, ध्यान कराले बसवतो. चिखलात काहून बसवला मंग?"

"कामानं मानूस सुधारते, मामी."

जीप आली त्या दिवसापासून पहिल्यांदाच दोघी एवढ्या बोलल्या होत्या, आणि रत्नमालाला तेच पुष्कळ वाटलं. ती रोज त्या शेतावर जाई आणि दुपारच्या पेंड्यांत डावा पीळ शोधी. सापडला की दिवस गोड होई. फाटकाशी जाऊन विचारावं असं एकदोनदा मनात आलं. पण श्यामराव म्हणाला होता, तोंड दिसलं की मन पाघळतं. बरं होत आलेलं दुखणं आपल्या हातानं कशाला खाजवा, असं तिनं ठरवलं.

ही तिची चूक. टोळीत रोज पहिल्या ट्रॉलीच्या पेंड्या सीताबाईच्या बाजूच्या बाया घेत आणि रत्नमालाच्या वाट्याला पुढच्या ट्रॉल्यांच्याच येत. म्हणून तिला दिसलं ते निम्मंच.

मग एका सकाळी सीताबाईनं तिला आपल्या बाजूला घेतलं. आभाळ उघडीप देत होतं, कितीतरी दिवसांनी ऊन चटके देत होतं. पहिली ट्रॉली आली. रत्नमालानं पेंडी उचलली आणि ती तिच्या हातातच सुटली. काड्या पाण्यावर पसरल्या. तिनं बंद पाहिला. डावा पीळ. पण ढिला, शेपटी खोचताना दोनदा हुकलेली, तणस मध्येच तुटलेली. दुसरीही तशीच. तिसरीच्या मुळांना अर्धा चिखल तसाच. हे हात तिला माहीत होते. सकाळचे, कप बशीवर वाजवणारे हात.

भिंतीमागं घंटा वाजली. भजन सुरूच. त्यानंतरची ट्रॉली आली तेव्हा डाव्या पिळाच्या पेंड्या पुन्हा घट्ट, देखण्या, एकसारख्या.

एका हातात सकाळची पेंडी आणि एका हातात नंतरची धरून रत्नमाला चिखलात उभी राहिली. व्यसन सुटलेल्या माणसाचा हात सकाळी एक आणि दुपारी एक नसतो. ते त्याला तीच निळी कॅप्सूल देत होते. घंटा वाजवून, रांगेत उभं करून देत होते.

नेम मोडून ती एकटीच बांधीतून निघाली. सीताबाईनं हाक मारली, ती थांबली नाही. फाटक उघडंच होतं. पऱ्ह्यांची बांधी भिंतीच्या आडोशाला होती. दहा-पंधरा माणसं पाण्यात वाकलेली, सगळ्यांची डोकी मुंडलेली, अंगावर फक्त खाकी चड्ड्या. तिच्या चाहुलीनं कुणी मान वर केली नाही. त्या मुंडक्यांत आपला नवरा कोणता ते तिला कळेना. मग तिनं हात पाहिले.

"प्रतिक्षाचे बाबा."

जीवननं पाहिलं. गाल बसलेले, कपाळावर जुनी खोक. पण हात चालूच होते. "तू कायले आली वो?"

"नेयाले आली. चला."

"मी नाही येत."

"तेच देऊन रायले ना तुमाले? निळीच?"

त्यानं पेंडी बांधली, मागं फेकली. "काम केलं का देते," तो म्हणाला. "चोरी करा लागत नाही. कोनाले ढकला लागत नाही. बरं आहे इथं." मग हळूच विचारलं, "मायचा हात कसा आहे?"

"सरळ नाही बसला."

त्यानं मान हलवली. "मंग मी येऊन काय करू? जा तू. त्यायनं पाह्यलं तं मले दुपारची नाही भेटनार."

श्यामराव मागून कधी आला ते तिला कळलंच नाही. तोच गोड आवाज. "ताई, सही तुमीच केली ना? आमी कोनाले बांधून नाही ठेवलं. फाटक उघडंच आहे. विचारा त्याले, येते काय."

जीवनची नजर श्यामरावच्या चेहऱ्याकडं नव्हती, त्याच्या खिशाकडं होती. कोंबडं दाण्याच्या मुठीकडं बघतं तशी. रत्नमालाला वाटलं त्या दोघांपैकी एकाला तरी याच चिखलात दाबावं. कोणाला, हे तिला ठरवता येईना. ती परत आली आणि धुऱ्यावर बसली.

"काय झालं वो?" सीताबाईनं चिखलातूनच विचारलं.

"माहा मानूस नागपूरले नाही, मावशी. तिकडं आहे, भिंतीमागं. नशा सोडवाले टाकला होता मी. ते नशाच देऊन काम करून घेऊन रायले. या पेंड्या त्याच्या हातच्या आहेत." एवढं बोलल्यावर तिच्यावर लाजेचं ओझं राहिलंच नाही; फक्त राग राहिला. "मी नाही रोवत."

सीताबाईनं हातातली पेंडी पाण्यावर ठेवली. गढूळ पाण्यात हात धुतले. "निघा वो बायांनो," ती म्हणाली.

"मावशी, आपली मजुरी?" सुंदरबाई.

"नेम तो नेम. एक निघाली तं सगळ्या."

बाया निघाल्या. कुणी पुटपुटली, कुणी शिवी दिली, पण निघाल्या. पेंड्यांचा ढीग बांधीत तसाच. ऊन चढलं. काढलेला पऱ्हा उन्हात फार वाट बघत नाही. दुपार व्हायच्या आत पात्यांची टोकं वळू लागली.

पुंडलिकराव कारनं आले. पांढरे कपडे, पायात बूट. धुऱ्यावरून चालताना एक पाय घसरला तेव्हा एक बाई फिसकन हसली. "काय तमाशा आहे हा? दुसरी टोळी आनतो मी," ते म्हणाले.

"आना ना साहेब," सीताबाई म्हणाली. "कुठून आनता? बपेऱ्याहून? तवापर्यंत पऱ्ह्याचं तनस झालं असन. हिचा मानूस सोडा, आमी रोवतो."

पुंडलिकरावांनी ढिगाकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं. मग श्यामरावला विचारलं, "कोन आहे तो?" नाव ऐकून म्हणाले, "दे हाकलून."

जीवनला फाटकाबाहेर आणलं तेव्हा तो रडत होता, सुटल्याच्या आनंदानं नव्हे. "साहेब, दुपारची तं द्या," असं तो सगळ्या बायांसमोर म्हणाला. कुणी हसलं नाही. पुंडलिकराव रत्नमालाजवळ येऊन हळू आवाजात बोलले, "घेऊन जा बाई. तो परत येते. माह्या गाडीनं नाही, त्याच्या पायानं येते. पाह्यजो तू."

मग टोळी चिखलात उतरली आणि उरलेली बांधी रोवली. काम घेतलं होतं, ते टाकून जायची रीत नव्हती. जीवन खाकी चड्डीत धुऱ्यावर बसून राहिला. भिंतीआड बाकीची मुंडकी तशीच वाकलेली राहिली. त्यांच्या बाया कुठल्या टोळीत होत्या कुणास ठाऊक.

पुढचे दिवस घरानं कसे काढले ते घरालाच माहीत. प्रतिक्षाला सीताबाईकडं पाठवलं. जीवनला ओकाऱ्या, जुलाब, अंगाला घामाच्या धारा, आणि पायांत असे पेटके की तो भिंतीवर टाचा आपटे. पंचफुलाबाई एका हातानं त्याच्या पोटऱ्यांना जवसाचं तेल चोळत बसे, त्याच्या शिव्या ऐकत. साकोलीच्या सरकारी डॉक्टरांनी भरती करा म्हटलं, तर भरती शब्द ऐकूनच तो बाकावरून उठून पळाला. शेवटी डॉक्टरांनी सलाईन लावली, औषध रत्नमालाच्या हाती दिलं, रोज आणून दाखवा म्हणाले. सकाळीही हात थरथरत, दुपारीही थरथरत. रत्नमाला ते हात बघून मनाशी म्हणे, थरथरू दे.

असंच एका दुपारी तो भिंतीला टेकून बसला होता. समोर तणशीच्या काड्या. पीळ द्यायचा, सुटायचा, पुन्हा द्यायचा. बाहेर मोटारसायकलचा आवाज आला आणि अंगणासमोर येऊन थांबला. इंजिन बंद झालं नाही.

"जीवनभाऊ!" तोच गोड आवाज. "औषध राह्यलं ना तुमचं. म्हटलं देऊन यावं."

रत्नमालानं दारातून पाहिलं. श्यामराव गाडीवरच बसला होता. त्यानं आत यायची तसदी घेतली नाही. खिशातून काहीतरी काढून तळहातावर ठेवलं आणि तो नुसता वाट बघू लागला.

जीवन उठला. भिंत धरत धरत दाराकडं निघाला.

"जीवन," पंचफुलाबाई म्हणाली. तिनं मोडलेला हात पोटाशी घेतला. रत्नमालाला कळलं, अडवलं तर तो ढकलणार. ती बाजूला झाली.

तो उंबऱ्यापाशी थांबला. उन्हात मोटारसायकल धडधडत होती. त्यानं बाहेर पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग त्यानं दोन्ही हातांनी दार लोटलं आणि कडी शोधू लागला.

कडी कोयंड्यात जाईना. हात थरथरे, कडी लाकडावर वाजे, निसटे. रत्नमालानं मदतीला हात पुढं केला. जीप आली त्या दिवशी हीच कडी आपण काढली होती हे तिला आठवलं, आणि तिनं हात मागं घेतला.

पुन्हा हुकली. पुन्हा. मग कडी बसली.

तो दाराला पाठ लावून खाली बसला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. "गेला काय वो तो?"

गाडीचा आवाज तसाच येत होता.

"नाही," रत्नमाला म्हणाली, आणि ती त्याच्या शेजारी, दाराला पाठ लावून बसली.